बाबल, तुझ्या गाठीची गोष्ट

बाबल,

तू गेल्यापासून पंधरा दिवस आपल्या घरापुढच्या खळ्यात माणसं येतायत. तुझ्या बायकोपाशी, सुमनपाशी, घटकाभर बसतात, माझ्याकडे बघून मान हलवतात आणि मग प्रत्येक जण आपापल्या होडीच्या इंजिनाची गोष्ट सांगतो. कुणाचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं आणि तू दुसऱ्या होडीतून जाऊन ते चालू करून दिलंस. कुणाला तू 'ह्यो पार्ट बदलू नको, अजून दोन वर्सां जायत' म्हणून परत पाठवलंस. सगळं खरं आहे. मी ऐकते, पाण्याचा तांब्या पुढे करते. पण शेवटच्या तीन वर्षांत तू जे केलंस त्याबद्दल कुणी बोलत नाही. लोकांच्या लेखी ते आजारपण होतं. माझ्या लेखी ते तुझं सगळ्यात मोठं काम होतं, म्हणून लिहायला बसले आहे. आणि एक गोष्ट तुझ्याशी बोलायची राहून गेली आहे. ती आधी.

एप्रिल महिना होता. मी पडवीत फणसाचे गरे काढत होते, चीक लागू नये म्हणून हाताला कोपरापर्यंत तेल. तू बंदरावरच्या तुझ्या दुरुस्तीच्या दुकानात जायला निघालास आणि चपला घालता घालता थांबलास.

"ताय, लघवी लाल जाता गो."

"जळजळता?"

"नाय. दुखणा-बिखणा काय नाय. नुसता लाल."

"उन्हाळी लागली असतली. दिवसभर त्या पत्र्याखाली बसतस. धन्या-जिऱ्याचा पाणी करून देतंय, पी."

तू बाटली घेऊन गेलास. चार दिवसांनी म्हणालास, गेलं. या आजारात रक्त येतं आणि जातं, हे मला नंतर कळलं. पावसाळ्याच्या तोंडाला पुन्हा म्हणालास, आणि मी पुन्हा बाटली भरून दिली. बत्तीस वर्षं मी हायस्कुलात विज्ञान शिकवलं. फळ्यावर दोन मूत्रपिंडं, खाली मूत्राशय, रंगीत खडूने काढायची, मुलं वह्यांत उतरवून घ्यायची. आणि माझा सख्खा भाऊ, बिनदुखण्याचं रक्त जातंय म्हणून सांगतोय, तर मी धने भिजत घालते.

चवथीच्या आठ दिवस आधी रक्ताची गुठळी अडकली आणि तुझी लघवीच बंद झाली. कुडाळ, तिथून मुंबई. तिथल्या डॉक्टरांनी कागद चाळले आणि चष्म्यावरून तुझ्याकडे बघितलं. "इतके महिने काय करत होतात? घरात कुणालाच सांगितलं नाहीत?"

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते.

"नाय डॉक्टर," तू म्हणालास. "कोणाक सांगूक नाय. लाज वाटली."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही, म्हणजे त्या विषयापुरतं. तीन वर्षं आपण एकत्र गाड्या पकडल्या, रांगा लावल्या, रिपोर्टांची पाकिटं मांडीवर ठेवून बसलो, आणि ते एक वाक्य आपल्यामध्ये तसंच राहिलं. तू मला सांगितलं होतंस, बाबल. मला ऐकू आलं होतं.

दुसरं भांडण मात्र आपण पोटभर भांडलो. डॉक्टर म्हणाले, मूत्राशयाचा कॅन्सर बहुतेक करून बिडी-सिगारेटीने होतो, पण एखाद्या माणसाला नेमका कशाने झाला हे छातीठोकपणे सांगता येत नाही. पहिलं अर्धं वाक्य मी उचललं, दुसरं तू. "चाळीस वर्सां हात पेट्रोलात आसत माजे, ता सोडून बिडीर येतास तुमी!" बिडी तू त्याच दिवशी सोडलीस, बंडल माझ्या हातात दिलंस, आणि जिन्यावरून उतरताना म्हणालास, "पण पेट्रोलच." अगदी शेवटपर्यंत पेट्रोलच.

पहिल्या वर्षी दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली आणि मग दर आठवड्याला नळीने मूत्राशयात औषध सोडायला लागले. ते औषध म्हणजे क्षयाची लस, हे कळल्यावर तू सदऱ्याची बाही वर करून दंडावरची लहानपणची खूण नर्सबाईंना दाखवलीस. "हयसर टोचलेली बरी हुती. आता खंय खंय घालतास!" त्या लशीने तिथल्या पेशी जाग्या होतात, शरीर आपणच गाठीवर तुटून पडतं, असं डॉक्टरांनी समजावलं. तू म्हणालास, म्हणजे घरातल्याच माणसांनी चोर पकडायचा. वर्षभर पकडलाही. मग चोर मूत्राशयाच्या बाहेर पडला, पोटातल्या गाठींमध्ये जाऊन बसला. आता मूत्राशय काढूनही उपयोग नव्हता. सलाइनमधून केमोची औषधं झाली, थोडा आराम पडला, पुन्हा वाढ. मग नवं इंजेक्शन सुचवलं, इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच गाठीवर सोडणारं. काहींना फार छान लागू पडतं, डॉक्टर म्हणाले, काहींना अजिबात नाही.

"आणि माका?" तू विचारलंस.

"ते आधी सांगता येत नाही. द्यायचं, आणि तीन महिन्यांनी स्कॅन करून बघायचं."

तुझा चेहरा मला आठवतो. अंदाजाने पार्ट बदलणाऱ्या मेकॅनिकला तू दुकानात उभं करत नव्हतास.

त्याच आठवड्यात मृणाल आली. बारीकशी मुलगी, चष्मा, खांद्याला स्वतःपेक्षा मोठी बॅग. शेजारच्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत ती संशोधन करत होती. तिने एक कागद वाचून दाखवला, अगदी पुस्तकी मराठीत. गाठीचे चार-पाच बारके तुकडे जास्तीचे घ्यायचे. प्रयोगशाळेत त्यांना खाऊपिऊ घालून वाढवायचं, म्हणजे त्यांचे वाळूच्या कणाएवढे गोळे तयार होतात. प्रत्येकाची गाठ वेगळी, तसे त्याचे गोळेही वेगळे. मग त्याच माणसाच्या रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी त्यांच्यात सोडायच्या, वर औषध घालायचं आणि काय होतं ते बघायचं. "पण हा अभ्यास आहे," तिने दोनदा सांगितलं. "तुम्हाला स्वतःला फायदा होईलच असं नाही. नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही."

मी नाहीच म्हणाले. दुर्बीण घालायचीच होती, कबूल, पण जास्तीचे तुकडे कशाला? पुन्हा रक्त थांबलं नाही तर? यांचे निबंध छापून येतील आणि आमचा माणूस राहील तिथेच. विज्ञानाच्या बाईंनी असं बोलावं! मी घाबरले होते, बाबल. एकदा माझं चुकलं होतं, आता कशालाच हो म्हणायची हिंमत नव्हती.

तू मात्र पुढे वाकलास. "चेडवा, म्हणजे इंजिन होडयेक लावच्या आधी आमी पिंपात पाणी भरून चालवून बघतंव, तसा?"

मृणालचा चेहरा उजळला. "होय काका! तसांच! पिंपात चल्ला म्हणान समुद्रात चलतलाच असा नाय, पण पिंपात बंद पडला तर..."

"तर समुद्रात न्हेवच्या आधी इचार करूचो. पण तू मालवणी खंयची?"

"खारेपाटणची."

"मगे इतको वेळ कागदासारखा कित्याक बोलतस गो?"

ती हसली, तू सही केलीस, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले.

पहिल्या खेपेचे गोळे मेले. दहाव्या दिवशी बाटलीत जंतू शिरले आणि सगळं गढूळ झालं. हे सांगायला मृणाल स्वतः वॉर्डात आली, खाली मान घालून. तूच तिची समजूत घातलीस. "माज्या हातान किती पिस्टन फुकट गेले ता सुमनाक इचार. परत लाव." पुढच्या तपासणीत पुन्हा तुकडे घेतले. या वेळी ते धरले. दरम्यान डॉक्टरांनी तुझं इंजेक्शन सुरू केलं होतं. गोळे वाढेपर्यंत आजार काही थांबून राहणार नव्हता.

तू हट्टच धरलास, माका बघूचे आसत. परवानगी मिळायला दोन आठवडे गेले. पांढरा कोट तुला गुडघ्याखाली आला. सुमनने तो मागून धरला, लग्नातल्या शेल्यासारखा. तू मायक्रोस्कोपला डोळा लावलास.

"गाबोळी कशी दिसता!" म्हणालास. मग मी बघितलं. खरंच, माशाच्या पोटातल्या अंड्यांसारखे गोल गोल पुंजके, आणि त्यांच्या भोवताली चमकणारे बारीक ठिपके फिरत होते. ते ठिपके तुझ्या रक्तातले, मृणालने सांगितलं.

"आणि ह्यो गोळो म्हणजे मी?"

"तुमी न्हय काका. तुमचो रोग."

"माज्यापेक्षा तोच खुशीत दिसता," तू म्हणालास, आणि त्या थंडगार खोलीत आपण चौघं हसलो. मृणालने त्या गोळ्यांचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, ऑर्गनॉइड की काय. तू लगेच बारसं केलंस. त्या दिवसापासून ती 'पिलां'. फोनवर तुझा पहिला प्रश्न तोच, "पिलां कशी आसत?"

पिलांनी जे सांगितलं ते चांगलं नव्हतं. तुला चालू असलेलं इंजेक्शन घातलं की ठिपके गोळ्याच्या भोवती फिरत आणि तसेच दूर जात. आत कुणी शिरेना. पण त्याच्या जोडीला दुसरं एक औषध घातलं, गाठीच्या पेशींवर थेट मारा करणारं, तेव्हा गोळे फुटायला लागले आणि ठिपके आत घुसले. मृणालने हे डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी आपल्याला बोलावून घेतलं. "नुसत्या एवढ्यावर मी औषध बदलणार नाही," ते म्हणाले. "पण तीन महिने थांबायचंही कारण नाही. स्कॅन आत्ताच करू."

स्कॅनमध्ये गाठी वाढलेल्या होत्या. दुसरं औषध तसंही या आजारात वापरतात, ते दीड महिना आधी सुरू झालं. दीड महिन्याने काय फरक पडला, हे डॉक्टर मोजून सांगू शकत नाहीत, मी विचारलंय. मला एवढंच माहीत आहे की दिवाळीचं कुणी नाव काढत नव्हतं आणि तू ती दिवाळी बघितलीस, शिमगा बघितलास, मग चवथीला गणपती स्वतः डोक्यावरून आणलास, तीन ठिकाणी थांबून. पुन्हा एक दिवाळी. त्या औषधाने बोटांना मुंग्या यायच्या, बारके स्क्रू हातात धरवेनात, म्हणून सुमन दुकानात येऊन तुझ्यासमोर बसायला लागली. ती स्क्रू बसवायची, तू तोंडाने सांगायचास. तीस वर्षांच्या संसारात तुम्ही दोघं एवढं बोलला नसाल. काल तिने एकटीने एका होडीवाल्याचं इंजिन उघडून साफ करून दिलं. त्याला आधी विश्वास नव्हता. चालू झाल्यावर आला.

त्याच दिवसांत तुला ती सवय लागली, जिने सुमनला लाजेने कुठे तोंड लपवू असं व्हायचं. दुकानात कुणीही येवो, खलाशी, हॉटेलवाला, पर्यटकांना बोटीतून फिरवणारे, तू पाना खाली ठेवून विचारायचास, "लघवीक लाल जाता काय रे?" भर बंदरात. लोक हसायचे. 'लाल आसा काय' हे तुझं टोपणनावच पडलं. "हसू देत," तू म्हणायचास. "एकदा जरी गेला, तरी डॉक्टराक दाखवचा. दुखना नाय म्हणान गप बसाचा नाय." तू हे बोलत असताना मी कधी दुकानात थांबले नाही. तू मला टोचून बोलतोयस असं वाटायचं. तसं नव्हतं, हे मला परवा कळलं. ते सांगतेच.

मग औषधाचा जोर सरला. मृणालचा फोन आला तेव्हा तू खाटेवर होतास. पिलां गोठवून वर्षानुवर्षं ठेवता येतात, नवी औषधं आली की त्यांच्यावर करून बघता येतात, तुमच्या पश्चातही. त्यासाठी वेगळी संमती हवी. तू लगेच म्हणालास, पाठव कागद.

तेव्हा मी भडकले. रागावले की मी शाळेतली मराठी बोलते, तू नेहमी चिडवायचास. "तू नसणार आणि तो असणार? ज्याने तुझा जीव घेतला तो तिथे मुंबईत खाऊनपिऊन जिवंत, आणि आम्ही इथे तुझ्या फोटोला हार घालायचा?"

तुझा आवाज बसला होता. "ताय, तो माका मारता ना? मगे तेका फुकट कित्याक सोडू? तेका कामाक लावूया."

मी उठून गेले. तू सही केलीस, साक्षीला सुमन. दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पेज घेऊन आले, तू दोन चमचे घेतलेस, मीठ कमी आहे म्हणालास. त्यानंतर तू तीन आठवडे होतास आणि आपण पावसाबद्दल, पेजेबद्दल, भावकीतल्या लग्नाबद्दल बोललो. सहीबद्दल नाही.

गेल्या सोमवारी मृणालचा फोन आला. आधी रीतसर बोलली आणि मग म्हणाली, "मावशी, काकांची पिलां बरी आसत." तिने सांगितलं की ज्यांना ते पहिलं इंजेक्शन लागू पडलं नाही, अशांच्या गाठींवर आता एका नव्या औषधाची परीक्षा चालू आहे, त्यात तुझीही आहे. वर्षं जातील, काही हाती लागेल की नाही सांगता येत नाही. पण एक गोष्ट आजच झाली आहे. अभ्यासातल्या कुणाच्याही पिलांनी 'नाही' म्हटलं, की आता डॉक्टर तीन महिने थांबत नाहीत, लगेच स्कॅन सांगतात. "काकांपासून ता सुरू झाला."

मी विचारलं, "गोठवलेली आहेत ना? मग वीज गेली तर?"

"द्रवरूप नायट्रोजनमध्ये आसत मावशी, विजेचा काय नाय. आणि जनरेटर पण आसा."

"तो चालता काय? कोणी चालवून बघितल्यान?"

ती हसायला लागली आणि मग मलाही कळलं मी काय करतेय ते. तुझ्या वैऱ्याला काही होऊ नये म्हणून मी काळजी करत होते. बाबल, सही बरोबर होती. तुझ्या तोंडावर हे म्हणायला मला तीन आठवडे मिळाले होते.

आणि परवा पांडू आला. पांडू तांडेल, मासेमारीची होडी चालवणारा, तुझं जुनं गिऱ्हाईक, ज्याच्या होडीला तू 'म्हातारी' म्हणायचास. सगळी माणसं जाईपर्यंत खळ्याच्या कडेला उभा राहिला.

"ताय, बाबल इचारी तेवा मी सगळ्यांत मोठ्यान हसलंय. आता माका लाल गेला. एकदाच. परवाच्या दिवशी."

मी दुखतं का, जळजळतं का, काही विचारलं नाही. पायात चपला घातल्या. "चल."

"आता?"

"आता."

कुडाळच्या एसटीत तो खिडकीशी, मी शेजारी. कसालच्या पुढे माझ्याने राहवलं नाही. "पांडू, बाबलान माका एप्रिलातच सांगितला होता. मी उन्हाळी म्हटलंय." आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा सांगितलं ते एका तांडेलाला, एसटीच्या खडखडाटात.

पांडूने खिडकीची काच खाली ओढली. मग म्हणाला, "माका म्हायती आसा. बाबलान सांगितल्यान हुता. तो म्हणालो, तायक बोलू नको, ती मनाक लावन घेयत. पण तुका कधी तसा झाला तर दुसऱ्या कोणाकडे जाव नको. तायकडे जा. ती आता चुकाची नाय."

मी पदराने तोंड झाकलं. कंडक्टर तिकीट मागायला आला, तर पांडूनेच दोन काढली.

सोनोग्राफीच्या दवाखान्यात त्याला भरपूर पाणी प्यायला लावलं. तांडेल माणूस, वादळात होडी धरून ठेवणारा, अर्ध्या तासात बाकावर वळवळायला लागला. "ताय, आता धरवना नाय गो!" तू गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले, आणि आजूबाजूची माणसं बघायला लागली तरी थांबता आलं नाही.

आतून तो बाहेर आला तेव्हा डॉक्टरीणबाई दारापर्यंत आल्या. एक लहानशी गाठ आहे, मूत्राशयाच्या आतल्या बाजूला. नक्की काय ते दुर्बिणीनेच कळेल, पण लवकर आलात हे फार चांगलं केलंत, असं म्हणाल्या. मुंबईची चिठ्ठी लिहून दिली. पुढच्या आठवड्यात जायचं आहे.

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टँडवर पांडू ती चिठ्ठी उलटसुलट करत बसला. त्याला वाचायचं काही नव्हतं, हस्ताक्षर डॉक्टरी होतं.

"ताय," त्याने विचारलं, "बाबलाच्या गाठीचो तुकडो घेतल्यानी, तसो माजो पण घेतील?"

मी पर्समधून पेन काढलं आणि चिठ्ठीच्या मागे मृणालचा नंबर लिहिला.

"आपण इचारुया," मी म्हटलं. "मी येतंय तुज्या वांगडा. सही करूक सांगतली, तर कर."